तामियाच्या घाटात मागच्या सीटवर

गाडी माझी. माझ्या नावावर आहे, माझ्या कमाईची आहे आणि घेतल्या दिवसापासून मीच चालवत आले आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात या गोष्टीला कोणी कवडीची किंमत दिली नाही.

आमच्या ह्यांना गाडी येत नाही. सारा जन्म रेल्वेत गेला. रुळावरून जे चालेल त्याच्यावर ह्यांचा विश्वास, पण स्टिअरिंग म्हटलं की कपाळाला घाम. एकदा शिकायला गेले होते. दोन दिवसांत परत आले आणि "ये अपने बस का नहीं" म्हणून मोकळे झाले. मग मी शिकले, पन्नाशीला टेकलेली असताना, नोकरी सांभाळून. जबलपुरात संरक्षण खात्याचे कारखाने आहेत, त्यातल्या एकाच्या ऑफिसात मी होते. शिकवणारा भैया म्हणायचा, "दीदी, क्लच को धीरे छोड़ो, झटके से नाराज हो जाता है." काही दिवसांतच मी मदन महालच्या आमच्या घरापासून कारखान्याच्या गेटपर्यंत एकटी जायला लागले. तेव्हापासून दवाखाना, लग्नकार्य, स्टेशन, ह्यांना सगळीकडे मीच नेते. बाजूच्या सीटवर बसून हे रिकाम्या जागी पायाने ब्रेक दाबतात, आणि कोणी काही म्हटलं तर सांगतात, "आमचा ड्रायव्हर घरचाच आहे, पगार द्यावा नाही लागत." लोक हसतात. मीही हसायची. आता नाही हसत.

मला तामियाचा घाट चालवायचा होता. एवढंच. विमानात बसायचं नव्हतं, सोनंनाणं नको होतं. नोकरीला नवी नवी लागले तेव्हा कारखान्याची सहल पचमढीला गेली होती. बसमध्ये जागा नव्हती, म्हणून ड्रायव्हरशेजारी इंजिनच्या झाकणावर सतरंजी टाकून मला बसवलं. मागे बायकांची अंताक्षरी चाललेली. मी मात्र काचेतून समोर पाहत होते. तामियाच्या आसपास रस्ता असा वळायला लागला की वळणापुढे नुसतं आभाळ दिसायचं, आणि मग एकदम सगळी दरी उघडी पडायची, जंगलाने भरलेली, मागे सातपुड्याचे डोंगर, त्यांच्यामागे आणखी डोंगर. ड्रायव्हरच्या तोंडात पान. एका हाताने गिअर, दुसऱ्या हाताने ते परातीएवढं चाक, आणि अख्खी बस त्याच्या मनासारखी वळून राहिली होती. बाकीच्यांनी दरी पाहिली. मला त्या माणसाचा हेवा वाटला. त्या काळी बाईने असलं काही बोलून दाखवायची सोय नव्हती, म्हणून मी कोणाला बोलले नाही.

पुढे बोलले ते लेकीला. ती कॉलेजात होती. रविवारी सकाळी आम्ही दोघी गाडी काढायचो. भेडाघाटला जायचं, टपरीवर चहा घ्यायचा, परत यायचं. कधी बरगीच्या धरणाकडे, कधी कटंगीच्या रस्त्याला. मदन महालच्या चढावर मी मुद्दाम गाडी थांबवायची, हँडब्रेक ओढायचा आणि अर्ध्या क्लचवर पुन्हा उचलायची. लेक मागे दगड घेऊन उभी राहायची, गाडी घरंगळलीच तर चाकाखाली टाकायला. एकदाही टाकावा लागला नाही. दगड फेकून ती टाळ्या पिटायची, "आई, तू तो कमाल है! आपण दोघीच जाऊ तामियाला. पप्पांना न्यायचंच नाही, ते ब्रेक दाबून दाबून गाडीला भोक पाडतील." किती हसायचो आम्ही. मला वाटायचं, या घरात एक माणूस तरी असं आहे की ज्याला मी गाडी चालवते याचं कौतुक आहे.

मग तिचं लग्न झालं, ती नागपूरला गेली. जावई चांगला मिळाला. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही, खरंच चांगला आहे. आवाज चढवत नाही, ताट उचलून ठेवतो, मला आई म्हणतो. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

या थंडीत माझा उजवा गुडघा गेला. ज्या पायाने ब्रेक दाबायचा, तोच. डॉक्टर म्हणाले, पावसाळ्यानंतर ऑपरेशन करून घ्या, नंतर काही महिने गाडी चालवायची नाही. दवाखान्यातून घरी येईपर्यंत ह्यांनी त्या काही महिन्यांचं कायमचं करून टाकलं. "बस झालं आता. ऑपरेशन झालं की गाडी विकून टाकू. या वयात कुठे चालवत बसतेस?" गाडी चालवतच मी त्यांना घरी आणत होते तेव्हा, बरं का. त्या क्षणी मला लख्ख कळलं की तामिया आता नाही तर कधीच नाही.

घरी आल्या आल्या लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "चलो ना आई! अधिकात आम्ही येऊनच राहिलो धोंड्याला, तेव्हाच जाऊ." मला वाटलं, छान, वेगळी सुट्टी काढायला नको. तिथेच मी फसले. आमचे लोक मूळचे विदर्भातले. जबलपुरात येऊन इतक्या पिढ्या झाल्या की पोरं मराठी ऐकतात आणि हिंदीत उत्तर देतात. पुष्कळ काही सुटलं, पण धोंडा सुटला नाही. अधिक महिना आला की लेक-जावयाला बोलवायचं, लक्ष्मी-नारायण म्हणून पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे करायचे, अनारशांचं वाण द्यायचं. त्या महिन्यात जावई हा जावई नसतो, साक्षात विष्णू असतो. आणि मी शहाणी, वर्षातले सगळे महिने सोडून नेमका हाच निवडला.

तोवर मला त्याचं काही नव्हतं. मी रस्त्याच्या मागे लागले होते. आयुष्यात कुठल्या परीक्षेचा एवढा अभ्यास केला नसेल. भेडाघाटचा फाटा सोडून पुढे नरसिंगपूर, तिथून हर्रई, अमरवाडा, छिंदवाडा. मग तामिया, देलाखारी, मटकुली आणि पचमढी. लोक गाडीच्या काचेवर मोबाइल लावून अख्खा रस्ता दाखवतात ना, तसले व्हिडिओ मी भाजी निवडता निवडता पाहायची. कुठल्या वळणावर समोरची गाडी दिसत नाही, कुठे कठडा आहे, कुठे नुसतेच पांढरे दगड. कारखान्यातली माझी जुनी मैत्रीण आता छिंदवाड्याला असते. तिला विचारून विचारून भंडावलं. हर्रईच्या पुढे खोदकाम आहे का, पेट्रोल कुठे चांगलं, बायकांना उतरता येईल अशी जागा कुठे. ती म्हणाली, संध्याकाळी तामियाकडे निघालीस तर ऊन सरळ डोळ्यांत येईल. म्हणून तिच्याकडेच रात्रीचा मुक्काम ठरवला, म्हणजे घाट सकाळी लागेल आणि ऊन पाठीकडून येईल. पुढचे दोन टायर नवे घातले. ब्रेक तपासून घेतले. मेकॅनिकने विचारलं, "कहीं पहाड़ पे जा रही हैं क्या आंटी?" म्हटलं, "हां भैया, खुद चला के." त्याने गाडीच्या खालून डोकं बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं. मला फार बरं वाटलं.

हे मधूनमधून खडा टाकून पाहायचे. "सिवनीवरून कसा चकचकीत फोरलेन आहे. डोंगरातून काहून जाऊन राहिली?"

"डोंगरासाठीच तर जाऊन राहिले," मी म्हणायची.

आधी आम्ही दोघीच जाणार होतो. मग लेक म्हणाली, "आई, ह्यांना घरी पप्पांसोबत कसं सोडू?" ठीक आहे, जावईही चला. मग हे म्हणाले, "मी एकटा काय भिंतीशी बोलू?" चला, तुम्हीही चला. मी म्हटलं, मागे बसवू तिघांना, माझं काय जाते. स्टिअरिंगशी मतलब.

धोंड्याचं जेवण झालं. सकाळपासून मी त्या दुखऱ्या गुडघ्यावर उभी राहून पुरण वाटलं होतं, धोंडे तळले होते, पाटाभोवती रांगोळी घातली होती, पाय धुतले होते. जावईबापू नवं धोतर सावरत संकोचून बसले होते बिचारे. जेवणानंतर सगळे कूलरसमोर बसले. मी मोबाइलवर नकाशा काढून सांगायला लागले, उद्या पहाटे निघू, नाश्ता नरसिंगपूरला. हे सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "गाडी जावईबापू चालवतील."

मला वाटलं गंमत करून राहिले. मी हसले.

"हसते काय? आत्ता विष्णू म्हणून पाय धुतले ना तू? मग त्याला मागच्या सीटवर बसवून सासू गाडी चालवणार? लोक काय म्हणतील?"

"कोणते लोक? हर्रईच्या जंगलातली माकडं?"

जावई पटकन म्हणाला, "नाही नाही पप्पा, आईंनाच चालवू द्या. मला मागे चालते."

"तुम्हाला चालते, आम्हाला नाही चालत," हे म्हणाले. "अधिकाचा महिना आहे. घरी आलेल्या जावयाला असं कोणी वागवते का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मला काळजी वाटली नाही, कारण लेक बाजूलाच बसून आंबा कापत होती. मी तिच्याकडे पाहिलं. आता ही बापाचे कान उपटते, असं मला वाटलं. तिने सुरी खाली ठेवली नाही. सालीकडे पाहतच म्हणाली, "आई, जाने दो ना. त्यांना बरं नाही वाटणार."

"कोणाला? ते तर स्वतः हो म्हणून राहिले."

"तोंडावर म्हणतात ग. तुला नाही कळत."

जावई तिथेच बसला होता. तो कूलरकडे पाहायला लागला. आणि मला कळलं की बाकी सगळ्यांना सगळं कळते, मलाच कळत नाही. जिच्यासमोर मी चढावर गाडी उचलायला शिकले, तिला आता नवऱ्याला मागे बसलेलं पाहायचं नव्हतं, आईला स्टिअरिंगवर पाहायचं नव्हतं. लग्नाला वर्ष नाही झालं आणि माझी लेक ह्यांच्यासारखी बोलायला लागली होती. ह्यांचं मी जन्मभर ऐकलं, त्याची सवय आहे. तिचं बोलणं मात्र फार लागलं मला.

शेवटी जावयानेच तोड काढली. "असं करू आई. जाताना मी चालवतो, येताना घाट तुमचा. पूर्ण घाट. प्रॉमिस." बरोबरीचं कोणी असतं तर म्हटलं असतं, माझीच गाडी मला अर्धी देतोस होय रे? किल्ली माझ्याच पर्समध्ये होती. सरळ नाही म्हणता आलं असतं. पण अधिकात लेक माहेरून तोंड पाडून गेली तर वर्षभर तेच ऐकावं लागतं, आणि ह्यांनी तर ते मोठ्या आवडीने ऐकवलं असतं. मी येतानाचा घाट धरून ठेवला. ठीक आहे, म्हटलं, येताना तर येताना. उतरायच्या ऐवजी चढायचा, एवढंच. मी किल्ली दिली.

निघताना ह्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मागून काही बोलायचं नाही. जावयाला शिकवायचं नाही."

छिंदवाड्यापर्यंत ठीक गेलं. मैत्रिणीने दार उघडलं, ड्रायव्हरच्या बाजूने जावई उतरताना पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. दोन महिने जिने माझे प्रश्न ऐकले तिला काय सांगणार? मी तिच्या हातात अनारशांचा डबा दिला आणि स्वयंपाकघरात शिरले. तिने सरळ चहाचं आधण ठेवलं, हे तिचे उपकार.

सकाळी तामियाचा रस्ता लागला. ऊन बरोबर पाठीकडून आलं, मी ठरवलं होतं तसं. जावई नागपूरचा. सपाट गावात घर ते ऑफिस एवढीच त्याची गाडी. वळण डोळ्यांसमोर आलं की तो ब्रेक दाबायचा, वळणाच्या ऐन पोटात, आणि मग उतारावर गाडी तिसऱ्यात आवरेनाशी झाली की घाईने दुसरा टाकायचा. गाडी हिसका खायची. मला मागे बसून कळत होतं, आता आधीच दुसरा टाक, आता ब्रेक सोड, हॉर्न दे. जिभेवर येत होतं आणि मी गिळत होते. शिकवायचं नाही ना! समोर ह्यांची पाठ. माझ्या शेजारी बसून आयुष्यभर ब्रेक दाबणारा माणूस, जावयाशेजारी पाय पसरून, सुपारी चघळत, "वा, क्या बात है, काय हात आहे तुमचा" करत बसला होता. मला पुढचं काही दिसत नव्हतं. पुढच्या सीटचं डोकं, जावयाचा खांदा, आणि बाजूच्या काचेतून उलटी पळणारी झाडं. ज्या दरीसाठी आले ती माझ्या बाजूला नव्हतीच, लेकीच्या बाजूला होती. ती खिडकीतून मोबाइल बाहेर काढून व्हिडिओ घेत होती.

तिसऱ्या-चौथ्या वळणाला पोटात ढवळलं. मी डोळे मिटले, तर आणखीच गरगरायला लागलं. मला कधी गाडी लागली नाही हो. चालवणाऱ्याला लागतच नाही. वळण त्याला आधीच ठाऊक असते, हात फिरायच्या आधी अंग फिरलेलं असते. मागे बसलेल्याला नुसते धक्के. मी दात आवळून धरले. येतानाचा घाट माझा आहे, मला काही होऊन चालणार नव्हतं. पुढच्या वळणाला जावयाने पुन्हा मध्येच ब्रेक दाबला आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं, "थांबवा."

रस्त्याच्या कडेला पांढऱ्या दगडाला धरून मी ओकले. कालचं, परवाचं, सगळं. गुडघ्यात कळा, डोळ्यांतून पाणी. मान वर केली तर समोर ती दरी होती. मला काही धड दिसत नव्हतं.

जावई पाण्याची बाटली घेऊन धावत आला. हे गाडीतून उतरले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि हसले. मोठ्याने, अगदी मनापासून. "पाहा! पाहा जावईबापू! आणि ही घाट चालवणार होती!"

मी म्हटलं, "चालवणाऱ्याला गाडी लागत नाही." तोंड धुता धुता म्हटलं, त्यामुळे असेल, कोणी ऐकलं नाही. पुन्हा म्हटलं. हे म्हणाले, "हां हां, राहू दे आता."

जावयाचा चेहरा उतरला होता. किती काळजीने बोलला, "आई, येतानाही मीच चालवतो. तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका. अगदी हळू नेतो." त्याला वाटलं मला बरं वाटेल. त्याच्या तोंडावर काय बोलणार? मी मान हलवली. ती हो म्हणून हलली असं सगळ्यांनी धरलं.

लेक माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. माझे सुटलेले केस तिने कानामागे नीट केले, पदराला लागलेलं पुसलं. लहानपणी तिला लागायची गाडी, तेव्हा मी करायची तसंच. मग माझ्या कानाशी वाकून हळूच, अगदी मायेने म्हणाली, "बरं झालं ना आई, तू चालवत नव्हतीस."

मी चूळ भरली आणि मागचं दार उघडून आत बसले.